शिंकलं की माझी सुटते, आईला मात्र पोचेपर्यंत धीर निघत नाही: लघवीवरच्या ताब्याबद्दल बोलूया का?

रानवारा

विषय नाजूक आहे. वाचताना अवघडल्यासारखं होणार असेल तर खुशाल पुढच्या धाग्यावर जा, राग नाही.

मी ४७ वर्षांची. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, दुसऱ्या वेळी चिमटा लावावा लागला होता. शिंकले, खोकले, जोरात हसले किंवा जिना धावत उतरले की थोडी लघवी सुटते. त्यासाठी लघवी गच्च साठलेली असावी लागते असंही नाही. रात्री काही त्रास नाही.

आई ७४ वर्षांची. तिचं बरोबर उलटं. खोकून खोकून बेजार झाली तरी एक थेंब नाही, पण एकदा लागली की लागली! उठून दारापर्यंत जाते तोवर कपडे ओले. रात्री तीन-चारदा उठते. बीपी आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. भीतीने तिने पाणी पिणं निम्म्यावर आणलंय आणि बाहेर जाणं जवळजवळ बंद केलंय. हे दुसरं मला जास्त लागतं.

ओळखीतल्या एका बाईंनी छातीठोकपणे सांगितलं, "गर्भाची पिशवी काढून टाक, सगळं थांबेल." दुसरीने सांगितलं, "केगेलचा व्यायाम कर." आईला सगळ्यांचं एकच, "वय झालं." आमच्या दोघींचा आजार एकच आहे का? आणि सुरुवात कुठून करायची?

दुपारची_झोप

बरं झालं कुणीतरी धागा काढला. मी वाचनमात्र असते, पण आज हात वर करते. मीही त्यातलीच.

निवांत_डॉक्टर

रानवारा, तुम्ही दोघींचं वर्णन इतकं नेमकं केलंय की निम्मं निदान तिथेच झालं. (मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहितेय ते समजून घेण्यापुरतं, तपासणीला पर्याय म्हणून नाही.)

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. साधारण १५० ते २०० मिली भरली की पहिली जाणीव होते आणि ४०० ते ५०० मिलीपर्यंत ती आरामात थांबते. भरत असताना पिशवीचा स्नायू सैल आणि दार घट्ट, रिकामी करताना याच्या उलट. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे दारावरची सगळी भिस्त आजूबाजूच्या आधारावर. तो आधार देतात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेल्या झोळीसारखे.

तुमच्या बाबतीत ही झोळी सैल झालीय. शिंकताना पोटातला दाब एकदम वाढतो, तो दारापेक्षा जास्त ठरतो आणि लघवी निसटते. याला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स म्हणतात. इथे स्ट्रेस म्हणजे मनाचा ताण नव्हे, दाब. बाळंतपण (चिमटा लावलेलं असेल तर अधिकच), वजन, जुना खोकला, वर्षानुवर्षं कुंथणं ही त्याची कारणं.

आईंचं दार ठीक असावं. त्यांचा पिशवीचा स्नायूच वेळेआधी, न विचारता आकुंचन पावतो. म्हणून लागली की लागली. हा 'अर्ज' (urge, म्हणजे अनावर घाईचा) प्रकार, आणि अशा अतिक्रियाशील मूत्राशयाला ओएबी (ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर) म्हणतात. दोन्हींची कारणं वेगळी, औषधं वेगळी, ऑपरेशनचा प्रश्नही वेगळा. दाबाच्या गळतीला आईंच्या प्रकारावरच्या गोळ्या देऊन उपयोग नाही, आणि आईंच्या त्रासाला दाराला आधार देणारं ऑपरेशन केलं तर त्रास वाढूही शकतो.

आता गर्भाची पिशवी काढण्याबद्दल. लघवी गळते म्हणून गर्भाशय काढणं हा उपचार नाही. फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असेल, रक्तस्राव असेल, अंग बाहेर येत असेल (गर्भाशय खाली सरकत असेल) तर तो निर्णय त्या कारणासाठी होतो. नुसत्या गळतीसाठी नाही. हे वाक्य मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

कोरा_कागद

मला दोन्ही होतं. शिंकल्यावर पण आणि घराच्या कुलुपात किल्ली घातली की पण! किल्लीचा काय संबंध आहे कुणास ठाऊक. बाहेर तासभर काही नसतं आणि दारात आलं की एक सेकंद निघत नाही.

निवांत_डॉक्टर

कोरा_कागद, तो मिश्र प्रकार. खूप जणींना असतो. त्यात जो भाग जास्त छळतो त्यावर आधी उपचार करतात. किल्लीचा संबंध मेंदूशी आहे. घर आलं म्हणजे आता मोकळं व्हायचं, ही सवय इतकी पक्की होते की दार दिसताच मूत्राशयाला इशारा जातो. नळाच्या पाण्याचा आवाज, थंड पाण्यात हात, यानेही तेच होतं. सवयीने शिकलेलं आहे, म्हणून सवयीने विसरवताही येतं.

आणखी दोन प्रकार लक्षात असू द्या. एक, पिशवी कधी पूर्ण रिकामीच होत नाही आणि वरचं वर ओसंडतं. धार बारीक, होऊन गेल्यावरही भरल्यासारखं वाटणं, दिवसभर थेंब थेंब. जुना मधुमेह, मज्जारज्जूचे आजार, काही औषधं, खूप पुढे आलेलं अंग यांत हे दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे रात्रंदिवस सतत झिरपणं, विशेषतः अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर सुरू झालेलं. तिथे मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात छिद्र, म्हणजे फिस्टुला, पडलेलं असू शकतं. त्याला व्यायाम किंवा गोळ्या नाहीत, ते दुरुस्तच करावं लागतं.

जुनं_खोड

एवढा काथ्याकूट कशाला? उतारवयात हे होणारच. आमच्या आधीच्या बायकांनी कधी धागे काढले नाहीत.

दुपारची_झोप

धागे काढले नाहीत, पण लग्नाकार्याला जाणं मात्र सोडून दिलं. ते कुणी मोजलं का?

निवांत_डॉक्टर

जुनं_खोड, वयाबरोबर प्रमाण वाढतं हे खरंच. मोतीबिंदूचंही वाढतं, म्हणून कुणी आंधळं बसत नाही. शिवाय वयस्क बाई रात्री अंधारात धावत निघते, घसरते आणि खुब्याचं हाड मोडून घेते. "वय झालं" म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीचा शेवट असाही होतो.

फिजिओताई

माझं काम याच स्नायूंचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. केगेल सगळ्यांना माहीत असतं, आणि बहुतेक जणी ते चुकीचं करतात.

डॉ. आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला. ते नुसतं "आवळा" म्हणून थांबले नव्हते. बाईला आपण नेमकं काय आवळतोय हे दिसावं म्हणून त्यांनी दाब मोजणारं उपकरणही बनवलं होतं. आपण नाव ठेवलं आणि शिकवणं गाळलं.

आधी स्नायू सापडायला हवा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. वायू सरायला आलाय आणि चारचौघांत तो अडवायचाय अशी कल्पना करा. मागून आवळत आवळत पुढे लघवीच्या जागेपर्यंत या. आत आणि वर खेचल्यासारखं वाटलं तर बरोबर. पोट फुगलं, नितंब घट्ट झाले, मांड्या एकमेकींना चिकटल्या, श्वास अडकला, तर चुकलं. सर्वांत वाईट म्हणजे वर खेचण्याऐवजी खाली कुंथणं. ज्या बायका "वर्षभर केलं, काही फरक नाही" म्हणतात त्यांतल्या कित्येक जणी कुंथत असतात.

लघवी करता करता मध्येच धार अडवणं हा व्यायाम नाही. ओळख पटावी म्हणून एखाद्या वेळी ठीक. रोज तसं केलं तर पिशवी नीट रिकामी व्हायची सवय मोडते.

किती करायचं? निदान ८ वेळा आवळणं, दिवसातून ३ वेळा, आणि हे किमान ३ महिने. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच धरता येतं, हळूहळू १० सेकंदांवर न्या. जेवढा वेळ धरलं तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. शेवटी काही झटपट आकुंचनं घ्या, कारण शिंक सांगून येत नाही. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून. उभं राहूनच तर गळतं, म्हणून तिथपर्यंत पोचायलाच हवं.

आणि एक युक्ती, जिचा उपयोग पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. खोकायच्या, शिंकायच्या, वजन उचलायच्या क्षणभर आधी आवळा आणि ते होईपर्यंत सोडू नका. आज आठवणीने कराल, काही आठवड्यांनी आपोआप होईल.

मात्र सगळ्यांनाच केगेल नको. काही जणींचे हे स्नायू सैल नसतात, उलट कायम आखडलेले असतात. संबंधांच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, ओटीपोटात ओढल्यासारखं वाटणं ही लक्षणं असतील तर आणखी आवळून त्रास वाढतो. तिथे आधी सैल सोडायला शिकवावं लागतं. म्हणून एकदा तरी जाणकार फिजिओकडून तपासून घ्या.

रानवारा

फिजिओताई, वायू अडवायची कल्पना एकदम समजली. इतके दिवस "आतले स्नायू आवळा" वाचून मी भुवया आवळत होते.

आता आईचं सांगा कुणीतरी.

निवांत_डॉक्टर

आईंसाठी पहिली गोष्ट फुकट आहे: डायरी. सलग ३ दिवस लिहा. किती वाजता किती प्यायल्या, किती वाजता गेल्या, मापाच्या भांड्यात किती झाली, कधी सुटली, तेव्हा काय करत होत्या. या एका कागदावरून जे कळतं ते दहा प्रश्न विचारून कळत नाही. रात्री थोडी थोडी आणि अनेकदा होत असेल तर मूत्राशयाचा दोष. दरवेळी भांडं भरून होत असेल तर लघवी तयारच जास्त होतेय. मग साखर, पायांची सूज, झोपेतलं घोरणं, औषधं यांच्याकडे पाहायचं.

बीपीची गोळी नेमकी कोणती, ते पाहा. लघवी जास्त करणारी असेल आणि त्या संध्याकाळी घेत असतील तर वेळ बदलता येईल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या (नावं "ग्लिफ्लोझिन"वर संपतात) साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, त्याने लघवी वाढते. बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, तो तुमच्यासारखीला पुरेसा आहे. यांतलं काहीही मनाने बंद करायचं नाही, फक्त यादी दाखवायची.

लघवीची तपासणी आधी. जंतुसंसर्ग असेल तर हेच सगळं होतं आणि तो गेला की थांबतं. सोनोग्राफीत होऊन गेल्यावर किती उरते तेही पाहून घ्या.

पाणी कमी करणं मात्र थांबवा. दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते, बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर बसतं. हृदयाचा किंवा किडनीचा विकार नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव ठीक. झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी. चहा-कॉफी कमी करून पाहा, काही जणींना त्यानेच बराच फरक पडतो. पायांना सूज असेल तर दुपारी पाय उंच ठेवून पडावं, म्हणजे ते पाणी रात्रीऐवजी दिवसाच निघतं.

फिजिओताई

डॉक्टरांच्या म्हणण्यात भर. आईंना (आणि कुलूपवाल्या कोरा_कागदना) मूत्राशयाला वळण लावता येईल. घाई आली की धावायचं नाही. जिथे आहात तिथे थांबा, शक्य असेल तर बसा. तळाचे स्नायू पाच-सहा वेळा भराभर आवळा. त्याने पिशवीच्या स्नायूला शांत व्हायचा निरोप जातो. शंभरवरून उलटे आकडे मोजा, काहीही करा, लाट ओसरू द्या. ओसरली की चालत जा. धावताना दाबही वाढतो आणि घाईही, म्हणून दारातच घात होतो.

डायरीत दर तासाला जाणं दिसत असेल तर आधी सव्वा तास, ते जमलं की दीड. असं किमान ६ आठवडे. आणि "निघण्याआधी जाऊन घे, नंतर मिळेल न मिळेल" ही आपली लाडकी सवय! क्वचित ठीक, पण दिवसभर तेच केलं तर मूत्राशयाला अर्ध्यावरच ओरडायची सवय लागते.

त्रयस्थ

पुरुष आहे, विचारू का? आईला विस्मरणाचा आजार आहे. तिला व्यायाम शिकवणं शक्य नाही.

फिजिओताई

अवश्य विचारा दादा. तिथे वेळापत्रक. दर दोन तासांनी, लागली का असं नुसतं न विचारता, "चल, जाऊन येऊ" म्हणून घेऊन जायचं. वाट मोकळी, रात्री दिवा चालू, दाराला ओळखीची खूण, कपडे चटकन सुटणारे. कधी कधी दोष मूत्राशयाचा नसतोच, नाडी सुटत नाही एवढंच असतं.

निवांत_डॉक्टर

आणि त्रयस्थ, तुमच्या आईंना ओएबीच्या जुन्या गोळ्या (ऑक्सिब्युटिनिन वगैरे) देताना फार जपून. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वयस्क माणसांत गोंधळलेपण वाढू शकतं. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असेल तर चालतच नाहीत. मिराबेग्रॉन या वेगळ्या गटातल्या गोळीने हा त्रास सहसा होत नाही, पण ती देताना बीपीवर लक्ष ठेवतात. बीपी फार चढलेलं आणि आटोक्यात नसेल तर देत नाहीत.

गोळ्यांनी भागलं नाही तर घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून सौम्य विजेचे झटके देतात, ३० मिनिटं, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. किंवा मूत्राशयात दुर्बिणीतून बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन. त्याचा परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावं लागतं. काही जणींना त्यानंतर थोडे दिवस लघवी अडते आणि स्वतः नळी घालावी लागते. हे आधी सांगितलेलं बरं.

पाळी गेलेल्या बायकांसाठी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम. तिथली त्वचा पातळ, कोरडी होते, त्याने घाई आणि वारंवार जंतुसंसर्ग दोन्ही वाढतात. मलमाने फरक पडतो. पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी मात्र गळणं वाढल्याचं दिसलंय, दोन्हींची गल्लत करू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मलमही विचारूनच.

पाऊलखुणा

मी टेपचं (मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवायचं) ऑपरेशन केलंय, म्हणून लिहिते. माझी गळती दाबाचीच होती, व्यायाम मनापासून करून झाला होता. आता खोकल्यावर काही होत नाही. पण ऑपरेशनपूर्वी टेप म्हणजे काय आणि ती कायमची आत राहणार, हे मला धड कुणी समजावलं नाही. सहीपुरता कागद पुढे आला. नंतर आत बसवलेल्या जाळीमुळे झालेल्या त्रासाच्या बातम्या वाचल्या आणि झोप उडाली.

निवांत_डॉक्टर

पाऊलखुणा, हे नीट सांगायलाच हवं होतं. मूत्रमार्गाच्या मधोमध खालून पॉलिप्रॉपिलीनची पट्टी ठेवायची पद्धत स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडली. छोटं ऑपरेशन, गुण चांगला, म्हणून जगभर पसरलं. पण काही बायकांमध्ये पट्टी त्वचेतून बाहेर आली, दुखणं राहिलं, आणि ती पूर्ण काढणं सोपं नसतं. २०१८ साली ब्रिटनमध्ये गळतीसाठीच्या पट्टीवरही विराम लावला गेला. अमेरिकेत २०१९ साली थांबवली ती अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळीची विक्री. गळतीची पट्टी तिथे चालू आहे. बातम्यांत या दोन्हींची खिचडी झाली. तुम्हाला दुखत नसेल, स्राव-रक्त नसेल, तर घाबरून काढायला जाऊ नका.

जिला पट्टी नको तिच्यासाठी पर्याय आहेत. १९६१ पासूनची बर्चची शस्त्रक्रिया आहे, तिच्यात टाक्यांनी वर आधार देतात. किंवा बाईच्याच शरीरातल्या ऊतीची पट्टी वापरतात. मूत्रमार्गाच्या भिंतीत फुगीर करणारं इंजेक्शनही देतात, त्यात धोका कमी पण गुणही कमी. ऑपरेशन नकोच असेल तर पेसरी, म्हणजे आत बसवायची मऊ कडी. पुढे मूल हवं असेल तर ऑपरेशन शक्यतो थांबवा.

दुपारची_झोप

वजनाचं कुणी काही बोललं नाही. मी स्वतःच विषय काढते, म्हणजे दुसरं कुणी काढायला नको.

निवांत_डॉक्टर

"प्राइड" नावाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, ३३८ वजनदार स्त्रियांवर. सहा महिन्यांत ज्यांनी सरासरी ८ टक्के वजन घटवलं त्यांचे गळण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांचे २८ टक्क्यांनी. म्हणजे ८० किलोला साडेसहा किलो. बारीक व्हायची गरज नाही, तेवढ्यानेही तळावरचा भार हलतो.

कोरा_कागद

पॅडचं विचारायचंय. मी पाळीचेच वापरते, पण मांड्यांना चट्टे उठलेत.

फिजिओताई

पाळीचं पॅड रक्तासाठी असतं. लघवी पातळ, भसकन येणारी, ते तेवढ्या लवकर शोषत नाही आणि ओल त्वचेला लागून राहते. लघवीसाठीचे वेगळे पॅड मिळतात, ते घ्या. साबणाने खसाखसा धुऊ नका, कोमट पाणी, टिपून कोरडं करणं आणि वर झिंक किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. चट्टे लाल होऊन खाजत असतील तर बुरशी असेल, दाखवा.

रानवारा

शेवटचं विचारते. स्त्रीरोगतज्ज्ञ की युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारतज्ज्ञ)? आणि लगेच धावायचं असं काय काय?

निवांत_डॉक्टर

दोघांपैकी कुणीही चालेल, ज्यांना या विषयात रस आहे ते शोधा. तुम्ही जाताना लघवी करून जाऊ नका. मूत्राशय भरलेलं असताना खोकायला सांगून पाहणं ही तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची तपासणी. आईंची डायरी आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला. युरोडायनॅमिक तपासणी, ज्यात नळी घालून दाब मोजतात, ती प्रत्येकीला लागत नाही. ऑपरेशनचा विचार असेल किंवा चित्र गोंधळाचं असेल तेव्हा करतात.

लघवीतून रक्त गेलं, एकदाच आणि न दुखता गेलं तरी, थांबू नका. तापासह कंबर दुखणं, लघवी पूर्ण अडणं, हेही त्याच दिवशी दाखवा. आणि पाठदुखीबरोबर जांघेत-बैठकीत बधिरपणा किंवा पायांत अशक्तपणा आला आणि त्यासोबत लघवी-शौचाचा ताबा गेला, तर अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी. मणक्यातल्या नसा दबल्या असतील तर तिथे तास मोजावे लागतात.

रानवारा

आईला हा धागा वाचून दाखवला. चहाचा मुद्दा तिने ऐकलाच नाही असं दाखवलं. मापाचं भांडं मात्र स्वतः काढून ठेवलंय, त्यावर "स्वयंपाकाचे नाही" अशी चिठ्ठी चिकटवून.